कादंबरीच्या आधीचा सत्कार

गेल्या जानेवारीत माझ्या पहिल्या कादंबरीबद्दल कॉलनीने माझा जाहीर सत्कार केला. त्या दिवशी त्या कादंबरीची एकही ओळ लिहिलेली नव्हती.

यात माझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. पण ती माझ्या एकट्याची होती, असंही कुणाला म्हणू देणार नाही. सुरुवात आमच्या कंपनीने केली. सातपूरच्या एका कारखान्यात मी बोल्ट तपासतो. म्हणजे बोल्ट येतात, मी ते मोजून बघतो, चांगले या क्रेटमध्ये, वाईट त्या क्रेटमध्ये. बावीस वर्षं हेच चाललंय. डिसेंबरच्या शेवटी कंपनीने आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवून एका कोटवाल्या माणसाचं व्याख्यान ऐकवलं. "नव्या वर्षाची ध्येयं गाठायची आहेत असं लिहूच नका!" तो म्हणाला. "गाठली, असं धरून लिहा! रोज नजर पडेल अशा जागी कागद चिकटवा. मेंदूला ते खरं वाटायला लागतं आणि मेंदू कामाला लागतो!"

माझ्या मेंदूला काय वाटलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. आईला मात्र खरं वाटलं.

एक जानेवारीला सकाळी आंघोळ करून मी कोरा कागद घेऊन बसलो. आजवरची वर्षं बोल्टांना दिली, यापुढची कलेला द्यायची, असं ठरवूनच बसलो होतो. कागदावर लिहिलं: 'माझी कादंबरी पूर्ण झाली असून वाचक तिला डोक्यावर घेऊन नाचत आहेत. मी बासरी उत्तम वाजवतो. माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि बघायला रांगा लागल्या.' (रांगा पार शहराबाहेर गेल्या, असंही लिहिलं होतं. मग खोडलं. माणसाने मर्यादेत राहावं.) तो कागद मी माझ्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बाहेरून चिकटवला असता तर बायकोने, म्हणजे वैशालीने, वाचला असता, आणि तिने माझा मागच्या वर्षीचा योगासनांचा संकल्प अजून जपून ठेवलेला आहे, ऐन वेळी काढायला!

पण इस्त्री केलेले कपडे त्या कपाटात कोण ठेवतं, हे मी विसरलो. आई ठेवते. आणि आई समोर आलेलं कुठलंही अक्षर वाचल्याशिवाय सोडत नाही. सातवी शिकलेली बाई, पण भेळीचा कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचून मग टाकते.

तिने मला काही विचारलं नाही. पोरगा लाजरा आहे, सांगेल तेव्हा सांगेल, म्हणून दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तिने वणीला फोन करून 'फक्त' आपल्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, ही बातमी सांगितली. आई फोनवर अशी बोलते की वणीला फोन नसता तरी मामाला ऐकू गेलं असतं. मधल्या सगळ्या बिल्डिंगांना तर गेलंच.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यातच, नेमक्या त्याच आठवड्यात, आमच्या सेक्शनला उत्तम बोल्टांबद्दल कंपनीचं प्रशस्तिपत्र मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो, तर खालच्या मजल्यावरच्या देवरेकाकांनी माझा हातच धरला.

"अभिनंदन! फार मोठं काम केलंत!"

"अहो, माझं एकट्याचं कुठे काका! सगळ्या सेक्शनचं आहे."

"म्हणजे? किती जण होतात?"

"अकरा. तीन शिफ्टमध्ये."

"बाप रे! आणि किती दिवस लागले?"

"दोन वर्षं. आधी केलेलं सगळं रिजेक्ट झालं होतं. भंगारात घातलं."

"अरेरेरे! मग?"

"मग नवीन मशीन आणलं. आता बटण दाबलं की पटापट बाहेर पडतात. अगदी एकासारखं एक!"

काकांनी माझा हात सोडला. "पूर्वी लोक हाताने करायचे हो," ते हळूच म्हणाले.

"हाताने करायला आता वेळ कुणाला आहे!" मी म्हणालो. काका दुधाची पिशवी तिथेच विसरून निघून गेले.

संध्याकाळी गांगुर्डे गुरुजी घरी आले. हे निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या बुद्धविहार समितीचे अध्यक्ष. "रविवारी सकाळी विहारात तुमचा सत्कार ठेवलाय," म्हणाले. मी चाट पडलो. आमच्या कॉलनीत लिहिण्या-वाचण्याला फार मान आहे. कुणाचं पोर दहावी झालं तरी विहारात हातात फूल देतात. पण बोल्टाला फूल मिळाल्याचं मला काही आठवत नव्हतं! तरी बरं वाटलं. उशिरा का होईना, कामगाराच्या कौशल्याची कदर होते आहे, असं म्हणून मी चहा मागवला. आई दारात उभी राहून डोळे पुसत होती. तेही मी बोल्टाच्या खात्यावर जमा करून टाकलं.

शनिवारी दुपारी मामा आला. एका हातात द्राक्षांची पेटी, दुसऱ्या हातात शाल.

"दिल्या, लय भारी केलंस! आपल्या खानदानात तू पयलाच!"

"मामा, अरे बोल्टासाठी तू एवढ्या लांबून आलास?"

"'बोल्ट' नाव हाय व्हय?" मामा दोन मिनिटं विचारात पडला. "चांगलं हाय. नव्या पद्धतीचं दिसतंय."

मला काही कळेना. तेवढ्यात वैशालीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"ओव्हरटाइम, ओव्हरटाइम म्हणून जात होतात, ते हे होय? कादंबरी?"

"कसली कादंबरी?"

"खालच्या देवरेकाकू सांगत होत्या. अकरा जणांनी मिळून मशीनवर लिहिली म्हणे! नायिका कोण आहे?"

"कुठली नायिका?"

"तेच विचारतेय मी!"

कादंबरी, मशीन, नायिका, मामाची शाल... आणि एकदम लख्ख आठवलं. धावत जाऊन कपाट उघडलं. कागद जागेवर होता. आणि कागदाखाली पेन्सिलने, आईच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शाब्बास.' इतक्या दिवसांत त्या कागदावर माझी स्वतःची नजर एकदाही पडली नव्हती! थंडीचे दिवस. शर्ट दोरीवरचा घालायचा, स्वेटर खुंटीवरचा. कपाट उघडतो कोण!

तडक आईकडे गेलो. ती उद्यासाठी आपल्या पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती.

"आई, ती कादंबरी... ती अजून..."

"छापून यायचीये, ठाऊक आहे मला. गुरुजींना तसंच सांगितलंय." तिने माझ्या वडिलांच्या फोटोकडे बघत साडीची घडी फिरवली. "तुझे दादा असायला हवे होते रे आज. तीस वर्षं हेल्परी केली, पण सुट्टीच्या दिवशी रद्दीवाल्याकडून पुस्तकं निवडून आणायचे. म्हणायचे, एकदा तरी पुस्तकावर आपल्या घरातलं नाव वाचायचंय. मी म्हटलं, त्यांच्या वाटचं मी वाचीन."

बोल्ट खराब असला तर मी सांगतो, त्यात मला कधी अडचण आलेली नाही. इथे मात्र आईच्या तोंडाकडे बघवेना, आणि मी तिच्या साडीचं दुसरं टोक धरून उभा राहिलो.

रविवारी विहाराचं सभागृह भरलं. पहिल्या रांगेत आई, शेजारी मामा. गुरुजींनी माझी ओळख करून दिली: "आपल्या कॉलनीचे कादंबरीकार, चित्रकार आणि बासरीवादक!" (आईने त्यांना कागद तोंडपाठ म्हणून दाखवला होता.) मला मामाने आणलेली शाल घातली, फूल दिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बासरी होऊन जाऊ द्या!"

"बासरी घरी राहिली," मी घाईघाईने म्हणालो.

"नाय, नाय! मी आणलीय!" असं म्हणत मामाने पिशवीतून ती काढली. एक जानेवारीला मीच विकत घेतलेली, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. प्लास्टिक काढलं. ओठांना लावली. शिट्टी होण्याआधी कुकर जी फुसफुस करतो तिच्याशिवाय बासरीतून काही निघेना. दीड मिनिट मी जीव तोडून फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"हे शास्त्रीय आहे," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला!

त्या टाळ्यांनी मात्र माझा धीर सुटला. मी माइक ओढून घेतला. "मंडळी, मला माफ करा. मी एकही ओळ लिहिलेली नाही!"

मग गुरुजींनी उठून मला मिठी मारली. "बघा! याला म्हणतात खऱ्या लेखकाची नम्रता!"

"नम्रता नाही हो गुरुजी, खरंच नाही लिहिली!"

"बरोबर आहे," देवरेकाका उभे राहून म्हणाले. "यांनी नाही लिहिली. मशीनने लिहिली. मला यांनी स्वतः सांगितलंय!"

मग जो गोंधळ उडाला तो मला नीट सांगताही यायचा नाही. अर्धे लोक मशीनच्या बाजूने, अर्धे विरुद्ध. अकरांपैकी उरलेले दहा जण कोण, त्यांचा सत्कार का नाही, असं एकाने विचारलं. मामा सगळ्यांना सांगत होता, "नाव तरी ध्यानात ठेवा, 'बोल्ट'!" मी कोटवाल्या माणसापासून सगळं समजावायला लागलो, तर चार जण वही काढून त्याची युक्ती उतरवून घ्यायला लागले.

एकटी आई हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी कधी खरं बोलतो आणि कधी खोटं, हे त्या गर्दीत फक्त तिलाच कळतं. तिला कळलं होतं.

घरी आल्यावर ती खुर्चीत बसली.

"एक ओळसुद्धा नाही?"

"नाही."

"आणि मी सगळ्या वणीला सांगून बसले."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी शाल काढून घडी घालायला लागलो, उद्या मामाला परत करावी म्हणून. तिने हात धरला.

"परत बिरत काही द्यायची नाही. अंगावर घेतलीस ना? मग आता तिच्याजोगतं लिही. बस."

तेव्हापासून वर्षभर, रोज संध्याकाळी सातला, आई मला टेबलाशी बसवते आणि स्वतः चष्मा लावून समोर बसते. मी शाल पांघरून बसतो. (मे महिन्यातसुद्धा! नियम म्हणजे नियम.) लिहिलेलं मी बोल्टासारखंच तपासतो आणि बहुतेक वाईटाच्या क्रेटमध्ये टाकतो. तरी डिसेंबर संपता संपता माझ्या कसोटीला उतरलेल्या अशा अकरा ओळी शिल्लक राहिल्या. काल त्या मी आईच्या हातात दिल्या. तिने आधी वरचं माझं नाव वाचलं. त्यावरून एकदा बोट फिरवलं. मग अकराही ओळी वाचल्या, कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली, चष्मा काढून पदराने पुसला, आणि म्हणाली,

"बरं झालं बाबा, सत्कार आधीच उरकून घेतला."