माझ्या पायाचं मी सांगते

धाकट्या जावेला कामाला लावलं ते थोरलीनंच. फोनच्या काचा पुसायच्या कारखान्यात तिची इतकी वर्षं गेली होती, की सुपरवायझर तिला विचारल्याशिवाय टेबलावर नवी बाई बसवत नसे. "माझी जाऊ आहे, हात हलका आहे तिचा," एवढं ती म्हणाली आणि धाकटीला शेजारचं स्टूल मिळालं. आपल्याच पायावर आपण धोंडा पाडून घेतला, हे थोरलीला पुढं कळलं.

पुसायची खोली लांबलचक. धूळ नको म्हणून खिडक्या कायमच्या बंद. पांढऱ्या टेबलाच्या दोन्ही अंगांना बाया, प्रत्येकीपुढं काचांची चळत, मऊ कापड आणि एक कोरी बाटली. पूर्वी बाटलीत स्पिरिट असायचं, ते वाळायला वेळ घ्यायचं. मग नवं पाणी आलं. पाणी नव्हेच ते, पण नाव कुणालाच ठाऊक नाही, म्हणून बाया तसंच म्हणू लागल्या. काचेवर पडलं की फुंकर मारायच्या आत उडून जायचं. थोरलीचा हात मुळातच चपळ, त्यात हे. तिची चळत सगळ्यांच्या आधी संपायची आणि मग ती मान वर करून टेबलभर नजर फिरवायची.

पुढं पुढं बायांची डोकी धरू लागली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. सगळ्या आपापसांत कुजबुजत. धाकटीनं मात्र एके सकाळी सुपरवायझरला सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, या बाटलीत आहे तरी काय?"

"कंपनीचं गुपित आहे ते. तुम्ही पुसा."

"गुपित तुमचं असेल साहेब, पण नाकं आमची आहेत ना!"

अख्खं टेबल फिस्सकन हसलं. जेवणाच्या सुट्टीत ते वाक्य पॅकिंगवाल्यांपर्यंत गेलं आणि संध्याकाळी घरी पोचलं. थोरलीचा नवरा मांडीवर थाप मारून म्हणाला, "काय बोलली गं! नाकं आमची!" सासूबाईसुद्धा पदराआड हसल्या. थोरलीनं भाजी ढवळता ढवळता पातेल्याचा तळ खरवडून काढला. इतक्या वर्षांत आपलं एक वाक्य या घरात कुणी दुसऱ्यांदा म्हटलं नाही, आणि काल आलेली ही!

खरं तर तिच्या पायाच्या बोटांमधला जीवच गेल्यासारखा झाला होता. चालता चालता चप्पल मागं राहायची आणि तिला पत्ता नसायचा. गरम तव्याला बोट टेकलं तरी फोड दिसल्यावरच कळायचं. पण हे बोलायचं म्हणजे धाकटीचं खरं ठरवायचं. त्यापेक्षा बधिर पाय परवडला. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "आमची धाकटी पहिल्यापासूनच नाजूक हो. शिंक आली तरी पांघरूण घेऊन बसते."

धाकटी काही बायांना घेऊन कामगार कचेरीत जाऊन आली. तपासणी ठरली. तेव्हा सुपरवायझरनं थोरलीला बाजूला घेतलं.

"सगळ्यांत जुन्या तुम्ही. तुमच्या शब्दाला वजन आहे. त्रास कुणालाच नाही, एवढं सांगा."

तुमच्या शब्दाला वजन आहे! थोरली विरघळली. घरी जाताना तिनं ते वाक्य मनात घोळवलं. सांगायचं तेच, आणि धाकटीचं तोंड बघायचं.

तपासणीला कामगार कचेरीकडून एक डॉक्टरीणबाई आल्या. धाकटी बोलायला उभी राहिली तोच मॅनेजर म्हणाला, "या नव्या आहेत. जुन्या बाईंना विचारा ना."

सगळी डोकी थोरलीकडं वळली. तिनं घसा साफ केला. तेवढ्यात धाकटी हळू आवाजात म्हणाली, "बाई, यांचे पाय बघा. चप्पल निसटते ते यांना समजत नाही. मी रोज मागून उचलून देते. यांना आवडणार नाही म्हणून आजवर बोलले नाही."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबल हिचं, घर हिचं, नवरासुद्धा हिचीच वाक्यं बोलणार. आणि आता पायही हिनंच सांगायचे?

"गप्प बस!" ती कडाडली. "माझ्या पायाचं मी सांगते!"

आणि तिनं सांगितलं. चप्पल, तवा, हातातून सुटलेला पेला, जिना उतरताना सापडत नसलेली पायरी. धाकटीला ठाऊक नसलेलं तर मुद्दाम जास्त सांगितलं. सुपरवायझर खाली बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावले आणि पायाच्या एकेका बोटाला टाचणी टोचत गेल्या. डोळे उघडून थोरलीनं विचारलं, "टोचणार कधी?"

कुणी हसलं नाही.

बाईंनी गोदामातलं मोठं पिंप बाहेर आणवलं. लहान बाटल्या कोऱ्या होत्या, पण पिंपावर सगळं छापलेलं होतं. बाईंनी मॅनेजरला ते मोठ्यानं, सगळ्यांना समजेल असं वाचायला लावलं. पदार्थाचं नाव, बंद खोलीत वापरू नये, वाफ अंगात गेली की नसा मरतात. "हाताळतो ते काय आहे, हे कळणं कामगाराचा हक्क आहे. मागितल्यावर मेहेरबानीनं द्यायची गोष्ट नाही ही," बाई म्हणाल्या. इतके दिवस गोदामाच्या भिंतीला माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं, या विचारानं थोरलीला पहिल्यांदाच धाकटीहून वेगळ्या कुणाचा तरी संताप आला.

स्पिरिट परत आलं. हवा ओढणारे पंखे बसले. प्रत्येक बाटलीवर आपल्या भाषेत नाव आणि धोका लिहिला गेला. बऱ्याच औषधपाण्यानंतर थोरलीचे पाय पुष्कळ सुधारले. दोन बोटं मात्र आजही मठ्ठच आहेत.

पुढं सुरक्षा समितीत बायांमधून दोघी घ्यायच्या ठरल्या. धाकटीला हात वर करून निवडलं. दुसरं नाव तिनंच सुचवलं, "जाऊबाई."

"उपकार करतेस?" थोरली पुटपुटली, पण नाही म्हणाली नाही.

पहिल्याच बैठकीत तिनं मॅनेजरला विचारलं, "तुमचे हे कापडी हातमोजे भिजतात. मग स्पिरिट बोटांना चिकटून राहतं ना दिवसभर? न भिजणारे कधी देणार?" मॅनेजर कागद चाळत बसला. ते हातमोजे बदलायला आणखी दोन बैठका लागल्या, पण बदलले.

घरी परतताना धाकटी म्हणाली, "जाऊबाई, हातमोज्यांचं मला सुचलंच नव्हतं."

"काय म्हणालीस? गाड्यांच्या आवाजात ऐकू नाही आलं."

धाकटीनं पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं.

थोरलीला पहिल्यांदाही स्वच्छ ऐकू आलं होतं.