मास्तर, वायरमन आणि कमरेवरचं पुरळ

आमच्या गल्लीत मास्तर म्हटलं की कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे शिवणारी बाई डोळ्यांसमोर येते. दुकान मूळचं एका टेलर मास्तरांचं. त्यांच्याकडे ही काज-बटणं करायला लागली, ते थकले तेव्हा दुकान हिने चालवायला घेतलं, आणि मशिनीबरोबर ‘मास्तर’ ही हाकही हिच्याकडे आली. तिला ती आवडते. “मॅडम म्हटलं की मी मागे वळून बघते, कोण आलं म्हणून,” असं म्हणते.

तिचं एक लग्न मोडलेलं. नवरा घरात कमी आणि नको तिथे जास्त. बरीच वर्षं सोसून शेवटी ती आपली कात्री आणि इस्त्री तेवढी घेऊन बाहेर पडली. पुढे दुकानातला दिवा सारखा जायला लागला आणि वायरमन यायला लागला. एक दिवा इतक्यांदा जातो कसा, अशी शंका आधी गल्लीला आली, मग त्या दोघांना. त्याची बायको जाऊन बराच काळ लोटला होता. लग्न ठरलं, सही करायची आणि घरी यायचं, इतकं साधं.

त्याच सुमारास मी कुर्त्याचं माप द्यायला गेले. मास्तरने माझ्या खांद्याचं माप दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा निराळं सांगितलं. मग टेप गळ्यात टाकून शटर अर्धं ओढलं.

“वहिनी, मी त्याला नाही म्हणून सांगणार आहे.”

“का गं? काही बोलला का?”

“तो कसला बोलतोय! त्याच्या तोंडात कायम टेस्टर.” हसायला गेली आणि रडायला लागली. मग कुर्ता थोडा वर करून दाखवलं. बेंबीच्या खाली, एका बाजूला, तळहाताएवढा लालभडक चट्टा. त्यावर बारीक पुरळ आणि खाजवून सोललेली कातडी.

“हे पहिल्याचं देणं आहे. त्याला तसलं काहीतरी झालं होतं, औषधं लपवून घ्यायचा. इतकी वर्षं अंगात दबा धरून बसलं असणार. मोबाइलवर फोटो बघितले मी. प्रत्येक फोटो मला माझाच वाटतो.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“कुठल्या तोंडाने? इथला कंपाउंडर माझ्याकडून पँट ढिली करून घेतो. उद्या माझ्यासमोर माप द्यायला पोट आत ओढून उभा राहील आणि माघारी सगळ्या गल्लीला सांगेल.”

तेही खरंच होतं. मग आम्ही बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बसमध्ये समोर बसलेल्या माणसाची उसवलेली बाही मास्तरने उतरेपर्यंत नजरेने शिवली.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं. “खाज येते?”

“जीव जातो.”

“केव्हा जास्त?”

“काम करताना. दुपारी घाम आला की फारच. घरी गेल्यावर जरा बरं.”

“कमरेला इथे काही लावता का?”

मास्तर गोंधळली. मग सलवारीची कमरपट्टी तिने उलटी केली. आतल्या बाजूने सेफ्टी पिनांचा झुपका लोंबत होता, एकीत दुसरी अडकवलेली, चांगली मूठभर. पूर्वी ती पिना कुर्त्याला बाहेरून लावायची. एकदा फिटिंग करताना त्यातली एक गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडाला अडकली आणि छातीवरचा धागाच ओढला गेला. तेव्हापासून पिना आतून. हाताशीही राहतात आणि कापडालाही लागत नाहीत.

“कापडाला नाही, पण तुम्हाला लागल्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काहींच्या कातडीला हा धातू चालत नाही. मलम देते. पिना डब्यात ठेवा.”

“म्हणजे ते नाही?”

“हे पुरळ ते वाटत नाही. पण तुमची भीती खुळी नाही. नवऱ्याला तसलं काही होतं, तर पुरळ असो नसो, रक्त तपासायलाच हवं. हे आजार कितीदा काहीही न दाखवता अंगात राहतात. आणि सापडलं तरी औषधं आहेत. काही पूर्ण बरे होतात, काही ताब्यात राहतात. लग्न मोडायची घाई करू नका.”

रक्त देऊन आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, आता रिपोर्टची वाट बघायची. पण बसथांब्यावर मास्तर म्हणाली, “त्याला आजच सांगते. रिपोर्ट चांगला आल्यावर सांगितलं, तर वाईट आल्यावर तो काय म्हणाला असता, ते मला कधी कळणारच नाही. तुम्ही थांबा हं. एकटी असले तर अर्ध्यावर गिळेन.”

संध्याकाळी वायरमन आला आणि सवयीने स्टुलावर चढला. “खाली उतर आधी,” मास्तर म्हणाली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: नवरा, औषधं, पुरळ, पिना, रक्त. मी ब्लाउजचे सुटे आकडे डबीत भरत खाली मान घालून बसले.

वायरमनने तोंडातला टेस्टर काढून खिशात ठेवला.

“रक्त कुठे दिलंस?”

“का?”

“मीही देऊन येतो. बायको गेल्यावर मीही काही साधू नव्हतो. एकदोनदा… आता कात्री घेऊन मागे लागशील?”

“धार लावायला दिलीय,” मास्तर म्हणाली. “परत आली असती तर मागे लागले असते.”

मी तिथून निघाले.

मास्तरचा रिपोर्ट स्वच्छ आला. वायरमनच्या रक्तात मात्र तसला आजार निघाला. इतकी वर्षं त्याला ना खाज, ना डाग, ना ताप. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, इंजेक्शनांनी बरं होणारं आहे, वेळेत कळलं हे चांगलं झालं. औषध पुरं होऊन पुन्हा रक्त तपासेपर्यंत जवळीक नको. तो मास्तरकडे न बघता म्हणाला, “आता तू नाही म्हणालीस तरी माझं काही म्हणणं नाही.”

“नाही म्हणायची पाळी माझी होती, ती मी वाया घालवली,” मास्तर म्हणाली. “तारीख पुढे ढकल. मलाही लग्नाचा कुर्ता नीट शिवायचाय, गिऱ्हाइकांच्या गर्दीत राहून गेलाय.”

इंजेक्शनाला तीच त्याच्याबरोबर जाते. खांबावर सरसर चढणारा गडी सुई बघितली की डोळे घट्ट मिटतो, म्हणून हसते. परवा मी दुकानात गेले तर वायरमन बाकावर तिरका, एका कुशीवर रेलून बसला होता.

“दुखतंय का हो?” मी विचारलं.

“छे! आपलं असंच, सहज.”

“सहज!” मशिनीवरून डोळे न उचलता मास्तर म्हणाली. “नीट उभा राहा, तुझ्या सदऱ्याचं माप घ्यायचंय.”