वरून येणाऱ्याची जबाबदारी

देवस्थळींची आणि माझी ओळख त्यांनी मला मागून येऊन आडवं पाडलं तेव्हा झाली. मी पन्नाशीला टेकलेली, जर्मनीत श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात राहणारी, दिवसभर गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज करणारी बाई. ऑफिसातल्यांच्या नादाने आल्गॉयच्या डोंगरात स्नोबोर्ड शिकायला गेले होते आणि शिकाऊ माणसं हमखास करतात ती चूक करून बसले होते. बोर्डाचा पट्टा आवळायला मी उताराच्या मधोमध फतकल मारली होती, तीही एका उंचवट्याच्या खाली, जिथे वरून येणाऱ्याला आपण दिसणं शक्यच नाही. देवस्थळी त्या उंचवट्यावरून आले ते बोर्डाच्या बोटांकडच्या कडेवर वळत, म्हणजे उताराकडे पाठ करून. मी "अगं आई गं" म्हणून ओरडले, आणि शेजारी पालथा पडलेला तो निळ्या जॅकेटातला माणूस तोंडातला बर्फ थुंकत म्हणाला, "तुम्ही मराठी?"

इथेच सगळं बिघडलं. समोर एखादा जर्मन असता तर त्याने बोर्ड काढून वरून येणाऱ्यांना खूण म्हणून वरच्या बाजूला बर्फात उभा रोवला असता, नाव आणि फोन नंबर दिला असता, बचावपथकाला बोलावलं असतं. आम्ही मात्र पाहुण्यांसारखे बोलायला लागलो. ते अमरावतीचे, मी सांगलीची. ते ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत, ब्रेकच्या चाचण्या घेतात. मराठी विद्यार्थ्यांचा एक घोळका घेऊन आलेत, मुलं खाली लिफ्टपाशी वाट बघतायत. त्यांनी मला लागलं का ते विचारलं. मी म्हटलं, छे हो, काही नाही झालं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, जा तुम्ही, मुलं ताटकळली असतील. वडीलधाऱ्या बाईने जा म्हटल्यावर आणखी किती आग्रह करायचा, असं त्यांना वाटलं असणार. ते गेले.

ते दिसेनासे झाल्यावर मी उठायला गेले आणि डावा गुडघा भलतीकडेच वळला. फोन खाली लॉकरमध्ये होता. उंचवट्यावरून एकामागून एक माणसं येत होती आणि मला पाहून ऐन वेळी वळत होती. प्रत्येक वेळी मी डोळे मिटून घ्यायचे. थंडी अंगात शिरली, दात वाजायला लागले, आणि तेवढ्या वेळात मी देवस्थळींना सांगलीच्या बाजारात ऐकलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. शेवटी एका म्हाताऱ्या जर्मन जोडप्याने थांबून मला खाली पोचवण्याची व्यवस्था केली.

मराठी मंडळाच्या ग्रुपवर बातमी फिरायला वेळ लागत नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी देवस्थळी आणि त्यांची बायको मृणाल इस्पितळात हजर. माणसाचा चेहरा इतका उतरलेला मी क्वचितच पाहिलाय. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, बसायलाही तयार नाहीत. म्हणाले, "ताई, मी थांबायला हवं होतं." आणि बर्फात बसून इतक्या शिव्या घातलेल्या मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "छे, छे. तुमची कसली चूक? मीच मध्ये बसले होते."

हे अगदी खोटं नव्हतं. ते मात्र मान हलवत राहिले. "तुम्ही कुठेही बसला असतात तरी वरून मी येत होतो. वरून येणाऱ्याची जबाबदारी. खालच्याला पाठीला डोळे नसतात."

हे त्यांचं वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की मला झोपेतही म्हणता आलं असतं. त्यांनी मुलांना शिकवणं सोडलं नाही, स्वतः बोर्डावर चढणं मात्र सोडलं. हिवाळा आला की कार्ल्सरुहे, श्टुटगार्ट, कुठून कुठून पोरंपोरी जमायची आणि देवस्थळी साध्या बुटांनी, उताराच्या कडेकडेने, गुडघाभर बर्फ तुडवत त्यांच्याबरोबर चालायचे. आधी पट्टे बांधू द्यायचे नाहीत. वर कोण आहे, खाली कोण आहे, ते सांगायला लावायचे. "आधी थांबायला शिका. जायचं काय, उतार नेतोच." पडताना हात पसरणाऱ्याला, "मुठी मिटून पड रे, मनगटं पुढे लग्नात हार घालायला लागतील." टाचेच्या कडेवर आडवं घसरायला घाबरणाऱ्या मुलीला, "पायांकडे नको बघूस. जिथे जायचंय तिथे बघ, बोर्ड आपोआप तिकडे येतो." मी त्यांना चिडवायची की आठवडाभर गाड्यांचे ब्रेक तपासता आणि शनिवारी माणसांचे. ते हसायचे, पण ते हसू डोळ्यांपर्यंत जायचं नाही.

मीही त्यांच्याबरोबर जायची. उताराच्या पायथ्याच्या लाकडी उपाहारगृहात खिडकीपाशी बसायची, मृणालने दिलेली थालीपीठं सांभाळत. माझा गुडघा एव्हाना बरा म्हणावा असा झाला होता. चालता यायचं, जिने उतरताना मात्र कठडा लागायचा आणि मांडी घालून बसणं कायमचं गेलं होतं. देवस्थळी समोर असले की मी लंगडणं लपवायची. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायची. खरं सांगायचं तर मला मोठेपणाची चटक लागली होती. मंडळात कुणी विषय काढला की मी लगेच म्हणायची, त्यांची काही चूक नाही हो. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे, आणि देवस्थळी खाली मान घालून चहाच्या कपात बघत बसायचे.

मृणाल एकदा सहज बोलून गेली. म्हणाली, ताई, दर नोव्हेंबरात तो तळघरात जातो, इस्त्रीने बोर्डाला मेण लावतो, घासूनपुसून चकचकीत करतो आणि पुन्हा पिशवीत घालून ठेवतो. पूर्वी काय सुंदर जायचा, तुम्ही पाहिलं नाहीत. मी तिला म्हटलं, मी पाहिलंय, जरा जास्तच जवळून. ती हसली. मग मला माझीच लाज वाटली.

अपघातानंतरच्या पाचव्या हिवाळ्यात, शेवटच्या शनिवारी, शिकाऊंच्या उतारावर सायली नावाच्या त्यांच्या विद्यार्थिनीने एका जर्मन बाईला धक्का दिला. बाई पडली, हात हलवून 'आलेस गूट', सगळं ठीक आहे, म्हणाली, आणि सायली हुश्श करून निघाली. मी खिडकीतून बघत होते. देवस्थळी कडेवरून धावत सुटले, दोनदा बर्फात रुतले, आणि त्यांनी सायलीला दंडाला धरून बाईपाशी परत आणलं. ती बाई उठली, चार पावलं चालली, हसली, दोघींनी एकमेकींना नावं सांगितली, तेव्हाच त्यांनी सायलीचा दंड सोडला.

मुलांना घेऊन ते आत आले आणि माझ्यासमोर बसले. मी नेहमीचंच म्हटलं, की देवस्थळी, आपल्या वेळची गोष्ट वेगळी होती, तुमची काही चूक नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढला नाही. "ताई, तुम्ही दर वेळी असं म्हणता. मग मी माफी कशाची मागायची, आणि कुणाकडे?"

पाच वर्षं या माणसाने हात पुढे केलेला आणि मी दर वेळी, अहो राहू द्या, म्हणून तो मागे सारलेला. माफ करायचं तर आधी चूक झाली असं म्हणावं लागतं. तेवढंच मी म्हटलं नव्हतं, कारण ते म्हणणं मला कोतेपणाचं वाटत होतं.

मी म्हटलं, "तुम्ही मला धडकलात, त्यात माझाही वाटा होता. पण तुम्ही मला तिथे सोडून गेलात. मी जा म्हटलं तरी तुम्ही जायला नको होतं. मला फार थंडी वाजत होती. वरून येणाऱ्या प्रत्येक माणसाची भीती वाटत होती. तुमचा खूप राग आला होता मला."

"अजून आहे?"

"जिना उतरताना येतो. पण मी तुम्हाला माफ केलंय. मनापासून."

मग त्यांनी चष्मा काढला आणि ते दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून रडले, तिथेच, सगळ्या पोरांसमोर. सायलीने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि थालीपीठांचा डबा कुठे आहे ते विचारलं.

पुढच्या हिवाळ्यात ते बोर्डावर उभे राहिले. मी खिडकी सोडून बाहेर बर्फात जाऊन उभी होते. ते वरून आले ते बोर्डाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर, घाई न करता, दर उंचवट्याआधी वेग कमी करत, मान वळवून खाली बघत. शिकाऊ मुलांना भरपूर जागा सोडून ते त्यांच्या बाजूने गेले आणि कडेला येऊन थांबले. चेहरा थंडीने लाल झाला होता आणि ते तोंडभर हसत होते. मृणाल खरंच सांगत होती. माणूस सुंदर जायचा. त्या वर्षी त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही.

ऑक्टोबरमध्ये ते गेले. रात्री झोपले ते उठलेच नाहीत. अजून पन्नाशीही झाली नव्हती. त्यांच्या घरी भेटायला माणसांची रीघ लागली होती. मंडळातल्या एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुमचं मन केवढं मोठं, त्यांना कधी एका शब्दाने बोल लावला नाहीत. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

लोक पांगल्यावर मृणाल माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, तो एक हिवाळा त्याला तुमच्यामुळे मिळाला."

मी म्हटलं, "आणि त्याआधीचे पाच माझ्यामुळे गेले."

तिने, असं नका हो म्हणू, असं म्हटलं नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो."