पाचवं शील

मी चौथीपर्यंत शिकले, पण पाली वंदना मला त्याआधीच पाठ झाली होती. वडील रोज संध्याकाळी वस्तीतल्या विहारात आम्हा पोरांकडून ती म्हणून घ्यायचे. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अर्थ खूप नंतर कळला. पण कोणी म्हणताना काही गाळलं, तर घासात खडा लागावा तसं मला लगेच कळतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला धाकट्या मुलीचं लग्न निमगाव सावाला आमच्या दारात झालं. वऱ्हाड मंचरकडचं. लग्न लावायला नवरदेवाचे मामा उभे राहिले. ते पंचशीलातलं एकेक शील सांगत होते, नवरा-नवरी आणि सगळा मांडव मागून म्हणत होता. चार झाली आणि मामा थेट पुढच्या वंदनेवर गेले. दारू न पिण्याचं पाचवं शील गाळलं. मागच्या रांगेत वऱ्हाडातले बाप्ये हसले. सकाळपासून त्यांच्या जीपमागं बाटली फिरत होती. एकजण म्हणाला, "मामा, लई उपकार झालं!"

मी उठले. "पाचवं ऱ्हायलं."

"आवं विहीणबाई, जेवणाची येळ झाली. ऱ्हाऊ द्या की," मामा म्हणाले.

"जेवान गार झालं तर गरम करू. पाचवं म्हना."

"आमी मांडव सोडून जाऊ हां!"

"जावा. पन शिलं पाच हायेत, चार न्हाईत."

माझ्या नवऱ्यानं आमच्या लग्नात पाचही म्हटली होती, आणि तरी तो मरेपर्यंत प्यायला. म्हटलं म्हणजे पाळलं, असलं काही मी मानत नाही. पण चारचौघांत म्हटलेलं असलं की बाईला ते त्याच्या तोंडावर फेकता तरी येतं. मला तेवढं मिळालं होतं. माझ्या मुलीचं तेवढंही मी कोणाला काढून घेऊ देणार नव्हते.

मामा बाजूला सरले. मुलगी इतका वेळ मान खाली घालून उभी होती. तिनं ती वर केली. "आई, तूच म्हन."

मी म्हटलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं. मुलगी मागून म्हणाली. जावई क्षणभर मामांकडं बघत राहिला, मग त्यानंही म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मामा जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही.

मुलगी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा म्हणाली, "सासरी मला 'पाचव्या शिलाची' म्हनून हाक मारत्यात."

"मग तू काय करती?"

"ओ देते."

"दे," मी म्हटलं. "जोरात दे."