मोठीआईची पहिली स्टेज

आमच्या मोठीआईचा देवावर विश्वास होता, देवळाबाहेरच्या माणसांवर नव्हता. जामसावळीला दर्शनाला गेली की चपला पिशवीत घालून सोबतच न्यायची. कोणी घरी संत्र्यांची पेटी पाठवली, तर आधी तळची फळं वर काढून पाहायची आणि मग चहा विचारायची. "वरून सारेच गोड असतेत," म्हणायची. पांढुर्ण्यातली आमची अख्खी गल्ली तिला जासूस म्हणे.

पाळी जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, तेव्हा मात्र या जासूस बाईला काडीचा संशय आला नाही. उष्णता म्हणून धन्याचं पाणी पीत बसली. मी पुतणी असले तरी भांडणात तिच्या वरताण. मीच तिला नागपूरला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आतून तपासलं, तुकडा काढला, एमआरआय केला. मग मला आणि तिच्या मुलाला, मनोहरदादाला, बोलावून सांगितलं : गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, बाजूला पसरलेला, दुसरी स्टेज. ऑपरेशन नाही, सिकाई, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत सलाईनमधून औषध. दादानं बाहेर येऊन आईला सांगितलं, पहिलीच स्टेज आहे. आमच्याकडे रीतच तशी, पेशंट सोडून साऱ्या गावाला आजार माहीत असतो.

बाकावर बोरगावची एक बाई भेटली. तिचीही पहिली, तिचं ऑपरेशन होऊन ती घरीही गेलेली, आता नुसती दाखवायला आलेली. झालं! "तिले बी पहिली, मले बी पहिली. तिचं काटलं, मंग मले काऊन शेकून राहिले?" सिकाई म्हणजे सोडून दिलेल्याचं काम, असं मोठीआईनं धरलं आणि आम्ही सगळे डॉक्टरला फितूर ठरलो. घरी येऊन तिनं ऑपरेशनला राजी असलेला कोणी डॉक्टर शोधलासुद्धा. माझं डोकं फिरलं. दादाला खरं सांग म्हटलं तर म्हणे, आई खचून जाईन.

वाचवलं ते तिच्या स्वभावानं. त्या डॉक्टरनं रिपोर्ट न पाहताच तारीख दिली, तिथे तिला खटकलं. पुन्हा नागपूर. दादाला चहा आणायला पिटाळून तिनं दार लावलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आता खरं बोला."

बाई खरं बोलल्या. पहिली नाही, दुसरी स्टेज, बाजूला शिरलेली. आजार तोंडापुरताच असला तर कापून अख्खा निघतो. बाजूला शिरला की कापूनही मागे राहतो, मग वरून सिकाई घ्यावीच लागते आणि त्रास दुप्पट. म्हणून आधी कुठवर गेला ते पाहायचं, मग इलाज ठरवायचा. "आणि सिकाई बरं करायलाच देतोय, आजी."

मोठीआई म्हणाली, सुरू करा. दादा चहा घेऊन आला तेव्हा एवढंच बोलली, "मनोहर, पोटच्या पोराची जासूसी करा लावली तू मले."

सिकाई तिनं पुरी केली. चटका लागत नाही म्हणून मशीन चालू असते की नाही, हा संशय शेवटपर्यंत होताच. पुढची काही वर्षं ती भाजीवाल्याशी भांडण्याइतकी धडधाकट होती.

गेल्या हिवाळ्यात खोकला लागला. तपासण्या झाल्या. या खेपेला दादा सरळ तिच्या खाटेशी जाऊन बसला. "आई, परत आला. फुफ्फुसात हाये. आता बरा नाही होत, त्रास कमी करतीन म्हणते डॉक्टर."

मी रिपोर्ट पुढे केला. तिनं तो पाहिलाही नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "मनोहर सांगून राहिला तर खरंच असंन."