बारशाच्या दिवशीची मिसिंग

ज्या प्रकरणात आरोपीच नव्हता, तेच आता मला सर्वांत जास्त आठवतं. हल्ली घरात बोलायला कोणी नाही, म्हणून सावकाश लिहून काढतो आहे.

मी तेव्हा आंबेगाव तालुक्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना पुण्याहून फोन आला. विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी बोलत होत्या. कळंबजवळच्या एका वस्तीवरची बाई वॉर्डातून निघून गेली होती. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या कर्करोगासाठी तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं. ते अंगातून उतरेपर्यंत तिला वेगळ्या खोलीत ठेवायचं होतं. मोठ्या माणसांना तिच्यापासून धोका थोडा, पण तिनं तान्हं मूल छातीशी धरलं तर त्याला इजा होण्याची भीती होती.

मिसिंगची नोंद पुण्यात झाली होती, शोध आमच्याकडे आला. हवालदारानं फाट्यावरच्या जीपवाल्यांना विचारलं. एकानं तिला सकाळीच उतरवलं होतं. आज नातीचं बारसं म्हणून बाई वाटभर हसत होती, असं तो म्हणाला. मी लगेच पुण्याला कळवलं.

सुरक्षा अधिकारी किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेऊन आल्या आणि आम्ही वस्तीवर गेलो. मांडवात बायका जमल्या होत्या, घुगऱ्या शिजत होत्या. एक म्हातारी मला म्हणाली, "साहेब, बारशाला रिकाम्या हातानं येत्यात व्हय?" सगळ्या हसल्या. घरधनी हसला नाही.

त्याला बाजूला घेतलं. बायको पुण्यालाच आहे, असं तो म्हणाला. मी फिरवून फिरवून विचारलं. दर वेळी तेच शब्द, त्याच क्रमानं. खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो.

तेवढ्यात घरामागच्या न्हाणीपाशी यंत्र टिकटिक करू लागलं. अधिकारी बाईंनी ते न्हाणीच्या दगडाजवळ नेलं, तसा आवाज दाट झाला. घरधन्यानं खाली बसकण मारली.

"न्हायली की ती. डोक्यावरनं पाणी घेतलं, गोमूत्र शिंपडलं. आता कसला विटाळ ऱ्हातोय?"

लांब बसायचं म्हणजे विटाळ, आणि विटाळ अंघोळीनं फिटतो, असा त्या घराचा सरळ हिशोब होता. पोलीस दिसताच त्यानं तिला कांदे साठवायच्या बराखीत बसवलं होतं. ती दारात आली तेव्हा नवं लुगडं नेसली होती आणि हातात स्वतः शिवलेली कुंची होती. बाळ अजून तिच्या हातात दिलं नव्हतं. पाळण्यात घालताना ती पहिल्यांदा घेणार होती. ऑपरेशन आणि मग हा उपचार, यात तिनं नातीचं तोंडही पाहिलं नव्हतं.

अधिकारी बाई लांबूनच म्हणाल्या, "मावशी, हे पाण्यानं जात नाही. दिवस जातील तसंच उतरतं."

"मंग मी आले कशाला, बाई? हात बी लावू नको?"

बाईंनी यंत्रावर पाहून सुरक्षित अंतर ठरवलं आणि अंगणाच्या कडेला चिंचेखाली तिला उभं केलं. मग घरधन्याकडे लांब दोरी मागितली. त्यानं बैलांचे कासरे एकमेकांना बांधून एक टोक पाळण्याला बांधलं. बाईंनी आजीला हातमोजे दिले आणि दुसरं टोक तिच्या हाती ठेवलं. बायका पाळणा म्हणू लागल्या. आजीनं ओढलं, पलीकडे पाळणा हलला. बाळाचं नाव तिनं तिथूनच मोठ्यानं सांगितलं. कुंचीला तिचा घाम लागला होता, म्हणून ती मात्र बाईंनी पिशवीत बंद करून नेली, नंतर परत देईन म्हणाल्या. आजी स्वतःहून गाडीत बसली.

माणसाला लांब ठेवायचं असेल तर त्याला लांबूनही काही करता आलं पाहिजे, हे मी त्या अंगणात शिकलो.

गेल्या वर्षी माझी पत्नी शेवटचे दिवस रुग्णालयात, संसर्गामुळे काचेपलीकडे होती. आत जायची मनाई होती आणि ती योग्यच होती. मी काचेवर हात ठेवून उभा राहायचो. तिचे डोळे उघडे असायचे. दोघांच्या हाताला लागेल असं मध्ये काहीतरी हवं होतं.