काठोकाठ भरलेला डबा

नवऱ्याच्या तपासणीसाठी मिळालेल्या डब्यात मी माझ्या सासूची लघवी ओतली होती. (आणि थोडी माझी. पण ते पुढे येईलच.)

तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, म्हणजे अक्कल आली असावी असा गावाचा समज होता. मंठ्यात आमचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान. आमचे हे ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे, आतल्या पट्ट्या घरामागच्या भट्टीवर कढईत वितळवायचे आणि शिशाच्या विटा पाडायचे. त्या भट्टीवर भारी जीव! चहासुद्धा तिथंच बसून, त्याच हातांनी. मग एके दिवशी पोटात असा पीळ पडला की माणूस जमिनीवर दुमडून पडला. आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, निदान तयार होतं. "बेंबी सरकली!" बेंबी चोळून चोळून जागेवर आणली. बेंबी बसली, पण ह्यांच्या हातातून कपबशी पडायला लागली. मनगट उचलतच नव्हतं.

नवीन जालन्यातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काम काय करता?" ह्यांनी सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा बदलला.

"अंगात शिसं गेलंय असं वाटतं. रक्त तपासू."

बॅटरीचं ॲसिड उघड्या हातांनी हाताळणारा माझा नवरा सुई पाहून खुर्चीतून उठलाच! "रगत देणार न्हाई. बिलकुल न्हाई!"

"मग लघवी तपासू. चोवीस तासांची, सगळी साठवून."

"ते चालंल," हे म्हणाले. पण दाराबाहेर आल्यावर माझ्याकडं वळले. "एकदाच करून राह्यलो, पुन्हा न्हाई. खराब निघालं तर भट्टी बंद. चांगलं निघालं तर भट्टीचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

मी कबूल म्हटलं. म्हणजे ह्यांचा जीव आता एका पांढऱ्या डब्यावर आला.

डबा चांगला मोठा होता. लॅबमधल्या ताईंनी बजावलं, "फक्त काकांची. एक थेंब बाहेर नको." मी मान डोलावली. (माझी मान फार लवकर डोलते. डोक्याला कळायच्या आधीच.)

दुसऱ्या दिवशी हे लाजून पाणीच पिईनात. तिसऱ्या दिवशी सकाळी बसची वेळ झाली तरी डबा पाऊणभर रिकामा!

"एवढंच?" मी ओरडले.

"मंग काय तळं भरू?" म्हणत हे आंघोळीला गेले.

आमच्याकडं कुणाचं भांडं अर्धवट परत करायची पद्धत नाही. शेजारणीची वाटीसुद्धा काहीतरी भरून द्यायची. मग एवढा मोठा डबा तळाशी इवलंसं घेऊन कसा न्यायचा? त्यांनी घेतला नाही तर? हे तर दुसऱ्यांदा करणार नाहीत. मग भट्टी चालूच राहणार, आणि एक दिवस...

मी धावत आत्याबाईंकडं गेले.

"आत्याबाई, तुम्हाला लागली का?"

"काय लागली?"

मी डबा दाखवला. त्या दोन पावलं मागं सरकल्या. "सूनबाई, मला कुठं शिसं झालंय?"

"तुमचं अन् त्यांचं रगत एकच ना? मंग हेबी एकच!"

आत्याबाईंनी विचार केला. "ते बराबर हाय," म्हणाल्या आणि तांब्या घेऊन मोरीकडं निघाल्या. आई लेकरासाठी काय काय करते!

तरीही डबा गळ्याला लागेना. मग मी स्वतःकडं पाहिलं. अर्धांगिनी म्हणवतेस ना? मग उचल वाटा!

बसमध्ये डबा मांडीवर, पिशवीत गुंडाळलेला. हे शेजारी पोट धरून बसलेले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तूप हाय का?"

"घरचंच हाय," मी म्हटलं.

"जपून न्या. खरं मिळत न्हाई आजकाल."

रिपोर्ट आणायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तो उलटसुलट पाहिला. "मर्यादेत आहे. पण हात तर लुळा पडतोय... आणि दिवसात एवढी लघवी? काका, पाणी फार पिता का?"

आत्ता कुठं डोक्यात प्रकाश पडला! आम्ही दोघींनी मिळून ह्यांचं शिसं पातळ केलं होतं. मी तोंड उघडलं आणि, देवा रे, मिटलं. लाज वाटली. हे तर कधीच दारात पोचले होते. "म्हणलं न्हवतं? बेंबीच सरकली होती!"

घरी येताच भट्टी पेटवली. कढईत शिसं वितळायला लागलं. मी ओसरीत पदर चावत उभी. सांगू का? नको. सांगू का? ह्यांनी पळी भरून उचलली. मनगट खाली पडलं. पळी निसटली आणि तापलेलं शिसं ह्यांच्या पायाच्या वीतभर अलीकडं चरचरत सांडलं.

"ते तुमचं न्हवतं हो!" मी किंचाळले.

"काय न्हवतं?"

"डब्यातलं! म्हणजे होतं तुमचं... पण आत्याबाईंचंबी होतं. अन् थोडं माझं."

ह्यांनी आईकडं पाहिलं. आत्याबाईंनी भिंतीकडं पाहिलं.

"आई?"

"मला काय ठावं? तिनं मागितलं, मी दिलं. घरच्या माणसाला न्हाई कसं म्हणावं?"

मला वाटलं, आता पळी माझ्या दिशेनं येते. पण हे खाली बसले. उजवा हात समोर धरून मनगट वर करायला लागले. जमेना. डाव्या हातानं ते उचलून सोडलं, तर पुन्हा पडलं. मग म्हणाले, "दुसरा डबा आण."

खरं काय ते ऐकल्यावर या खेपेला लॅबमधल्या ताईंनी डबा माझ्या हातात दिलाच नाही! तो अर्धाही भरला नाही आणि मी माझे हात पदरात बांधून बसले. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. शिसं इतकं होतं की त्यांनी त्याच दिवशी ह्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. घरी आल्यावर ह्यांनी भट्टी स्वतः फोडली, डाव्या हातानं. उजवा मागाहून, सावकाश, कामाला आला.

आम्हा दोघींचीही तपासणी झाली. (वेगवेगळ्या डब्यांत!) दोघी चांगल्या निघालो. त्या संध्याकाळी मी चुलीपाशी मान खाली घालून बसले होते, बोलणी खायच्या तयारीनं. आत्याबाई आल्या, शेजारी टेकल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"झालं ते झालं, सूनबाई. पण पयला रिपोर्ट चांगला आल्ता तो माझ्यामुळं, एवढं मातर डाक्टरला सांगून ये."